दोऱ्याला बांधलेली मिरची

गेल्या महिन्यात आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली, की नामदेव भंगाळे जळगावला वारले. झोपेतच गेले. पाठोपाठ जोडलेले हात आले, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, आणि मग कोणीतरी लिहिलं, "काकांचा तो बाँब रस्सा कोण विसरेल!" त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं, एकामागून एक. जे त्या वर्षी सिंगापूरमध्ये नव्हतेच त्यांनीही हसून घेतलं. मंडळाच्या संपादिकाबाईंनी मला वेगळा निरोप धाडला, "काका, तुम्ही त्यांच्या जवळचे. वार्षिक अंकासाठी लिहाल ना? रश्श्याचा किस्सा जरूर घ्या, लोकांना फार आवडतो."

घेतो. पण तो किस्सा लोक सांगतात तसा घडलेला नाही. तो रस्सा भंगाळ्यांनी बिघडवला नव्हता. कोणी बिघडवला हे मला माहीत आहे, आणि ते त्याच्या जागी येईल. आधी माणूस सांगतो, कारण माणूस माहीत नसेल तर रस्सा कळायचा नाही.

भंगाळे आणि मी हार्बरफ्रंटला एकाच जहाज कंपनीत होतो. ते जहाजांच्या इंजिनांचे डॉक्टर, मी करारमदार बघणारा कारकुनी माणूस. अंगाने आडवे, मिशी अगदी बारीक, आणि खांद्यावर कायम एक लहान पंचा. ऑफिसात तो पंचा घडी घालून टेबलाच्या खणात असायचा. जेवायची वेळ झाली की खणातून निघून खांद्यावर यायचा. आमच्या साहेबाला वाटायचं, हे काही धार्मिक असावं. एकदा त्याने फार अदबीने विचारलं, तेव्हा भंगाळे म्हणाले, "यस सर. फॉर स्वेटिंग." तिखट खाताना त्यांना टाळूपासून घाम सुटायचा आणि तो ते मोठ्या समाधानाने टिपायचे, पैलवान आखाड्यातून आल्यावर टिपतो तसा.

मी पुण्याचा. आमच्या घरी आमटीत गूळ पडला नाही तर कोणाचं तरी बिनसलंय असं समजतात. पहिल्याच दिवशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, मी त्यांच्या समोर बसलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढली, ती सोडली, आणि आतली एक लालभडक सुरकुतलेली मिरची नखाने एवढीशी तोडून नूडल्सवर टाकली. मग डोळे मिटून एक घास खाल्ला. डोळे उघडून मला म्हणाले, "कुठले तुम्ही?"

"पुण्याचा."

"असू द्या भो," ते म्हणाले. "कोणी ना कोणी असतंच."

तेव्हापासून मी पुणेकर. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

तिखटाबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, तिखट कुठे लागतं ते बघायचं. आपली लवंगी जिभेला लागते, इथली चिली पाडी ओठांना, मिरे घशाला. "आणि तुम्ही राहून आलात त्या त्रिनिदादची मिरची?" मी विचारलं. "कानाले," ते म्हणाले. "कानाच्या मागून वाजत येते." हॉकर सेंटरमधली नूडल्सवाली म्हातारी त्यांना दुरून येताना पाहिलं की काउंटरखालून आपली घरची चटणी काढायची. ती चटणी इतर गिऱ्हाइकांना मिळत नसे. भंगाळे खायचे, पंच्याने डोकं पुसायचे आणि मान हलवायचे. म्हातारी लगेच हिरमुसायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी कडक करून आणायची. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा भंगाळ्यांनी घास घेतला, पंचा डोळ्यांवर धरला आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला. म्हातारीने भांडी धुणाऱ्यांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना बोलावून तो नमस्कार दाखवला.

त्यांची तारुण्यातली बरीच वर्षं त्रिनिदादला गेली. तिथल्या गोदीत ते जहाजं दुरुस्त करत. त्या दिवसांबद्दल ते बोलायला लागले की त्यात इंजिनं क्वचित असायची. सगळं स्वयंपाकघर.

पोचल्यावर पहिले काही आठवडे कंपनीच्या गेस्ट हाउसात त्यांना उकडलेले बटाटे आणि मॅकरोनीची वडी एवढंच मिळत होतं. त्यांच्या पत्नी निर्मलावहिनी अजून भुसावळलाच होत्या. "तिखटावाचून माणूस मरत नाही," भंगाळे सांगायचे, "पण मेल्यासारखं काम करतो." मग एका रविवारी ते बाजारात गेले. तिथे दोन प्रकारच्या मिरच्यांचे ढीग होते. एक लांबट, लाल, आपल्या बेडगीसारखी. दुसरी गोल, चुण्या पडलेली, पिवळी आणि केशरी, टोपी घातलेल्या बाळासारखी गोड. खानदेशचा माणूस. त्याने एका नजरेत ओळखलं. लांबट ती तिखट, गोल ती लहान जातीची ढोबळी. लांबट थोडी घेतली आणि गोल पिशवीभर. घरी येऊन लांबट मिरच्यांचा ठेचा केला आणि पिशवीभर गोल मिरच्या चिरून पीठ पेरून भाजी केली. आपण ढोबळीची करतो तशी.

त्रिनिदादला नेमकं उलटं असतं. लांबटला तिखटाचा गंधही नसतो, ती नुसती वासाला घालतात. गोल ती जगातल्या जहाल मिरच्यांपैकी एक.

"ठेचा खाल्ला," भंगाळे सांगायचे, "गोड लागला. वाईट वाटलं. म्हटलं, चला, भाजी खाऊ."

इथे ते थांबायचे. ऐकणाऱ्याकडे बघायचे. त्यांच्या गोष्टीतली ही जागा ठरलेली होती.

"पहिला घास गेला आणि मले माझा आजा दिसला. आजा तर मी लहानपणीच वारलेला पाहिला होता."

वर त्यांनी त्याच हातांनी डोळे पुसले. आरडाओरडा ऐकून शेजारच्या मिस दुलारी धावत आल्या. वयस्कर बाई, चार पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं बिहारकडून जहाजात बसून उसाच्या मळ्यावर कामाला आलेली. त्यांनी भंगाळ्यांचे हात खोबरेल तेलात बुडवले, तोंडात दुधाची साय कोंबली, आणि मग कढईत डोकावून पाहिलं. "बॉय," त्या म्हणाल्या, "यू कुक द होल बॅग?" आणि खाली बसून इतक्या हसल्या की भंगाळ्यांना स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर मिस दुलारींनी त्यांना पदरात घेतलं. त्यांना हिंदी येत नव्हती, भोजपुरी येत नव्हती. आजी काय गायची ते आठवत नव्हतं. पण जिऱ्याला त्या 'गिरा' म्हणायच्या आणि फोडणीला 'छौंके'. कोथिंबिरीसारख्या वासाची लांब करवती पानांची एक भाजी होती, तिला 'बनधनिया' म्हणायच्या. एक दिवस त्यांनी वांगं निखाऱ्यावर भाजायला घेतलं. भाजताना त्याला चिरा देऊन लसणाच्या पाकळ्या खुपसल्या, मग सोलून ठेचून वर कडकडीत तेल ओतलं आणि म्हणाल्या, "चोका." भंगाळे त्या वाटीकडे बघत राहिले. भरीतच ते. खानदेशात हिवाळ्यात शेतावर करतात तेच, फक्त शेंगदाणे नव्हते आणि कांद्याची पात नव्हती. दुसऱ्या दिवशी भंगाळ्यांनी दाणे आणि पात घालून त्यांना आपलं भरीत खाऊ घातलं. मिस दुलारींनी चाटून पुसून खाल्लं आणि निकाल दिला, "नाइस. बट दॅट इज नॉट चोका." यावर दोघांचं बरीच वर्षं भांडण चाललं. वहिनी आल्यावर त्याही भांडणात पडल्या, मिस दुलारींच्या बाजूने.

आणि मिस दुलारींनीच त्यांना ती गोष्ट शिकवली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

ती गोल मिरची चिरायची नाही. अख्खी, देठासकट, उकळत्या रश्श्यात सोडायची. आच मंद. ढवळायचं नाही. मिरची वर तरंगत राहते आणि आपला वास सोडते. जर्दाळू आणि पाडाचा आंबा यांच्या मधला काहीतरी वास, मी घेतलेला आहे. तिखट सगळं तिच्या पोटात राहतं. वाढायच्या आधी तिला अलगद बाहेर काढायचं. फुटली, की संपलं. "डोन्ट बस्ट द पेपर," मिस दुलारी प्रत्येक वेळी म्हणायच्या, आपण देवघरात जाताना चप्पल काढा म्हणतो तसं. आणि ती अख्खी निघालेली मिरची कोणाची, तर ज्याने पातेलं राखलं त्याची. त्याने ती आपल्या पानात घ्यायची, हवी तेवढी खायची. हा राखणाऱ्याचा मान.

मिस दुलारी मिरची नुसती सोडायच्या. दोरा ही भंगाळ्यांची भर. इंजिनिअर माणूस. आत सोडलेली वस्तू बाहेर कशी काढायची याची सोय आधी. देठाला पांढरा जाड दोरा बांधायचा आणि दुसरं टोक पातेल्याच्या कडीला.

भंगाळ्यांना फार मोठी वाक्यं बोलता यायची नाहीत. पण एकदा केबल कारच्या खालच्या बाकावर बसून समोरच्या सेंटोसा बेटाकडे बघताना ते म्हणाले, "मी आधी समजायचो, जितकं जाळता येईल तितका मर्द. त्या बाईने मले वेगळं शिकवलं. वास सगळ्यांचा. तिखट ज्याचं त्याने मागून घ्यायचं. कोणावर लादायचं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. ज्या माणसाला तुम्ही बाँब म्हणता त्याचं ते आहे.

सिंगापूरला आल्यावर त्यांना ती मिरची मिळेना. टेक्का मार्केट पालथं घातलं. बनधनिया थाई दुकानात सापडली, दुसऱ्याच नावाने. मिरची नाही. शेवटी एका नर्सरीत दिसली, शोभेचं झाड म्हणून, लाल रिबीन बांधलेली. नर्सरीवाला त्यांना सांगत होता, "फॉर न्यू इयर, व्हेरी लकी." भंगाळ्यांनी एक फळ तोडून देठाशी हुंगलं. होती तेवढी सगळी झाडं त्यांनी उचलली. सेंगकांगला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. त्यांच्या दारापुढच्या कॉरिडॉरमध्ये कुंड्यांची रांग लागली. ये-जा करायला जागा राहील एवढी शिस्त त्यांनी खडूने आखून ठेवली होती.

आमच्या दोघांच्या मधल्या घरात एक चिनी आंटी राहायची. तिने एकदा विचारून दोन मिरच्या घेतल्या आणि सांबाल, म्हणजे इथला ठेचा, केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भंगाळ्यांच्या दारात उभी, नाक लाल, डोळे सुजलेले. मी पेपर घ्यायला दार उघडलं होतं, मला वाटलं आता भांडण.

"अंकल," ती म्हणाली, "युअर चिली आह, लास्ट नाइट माय हजबंड क्राय लाह."

"सॉरी, आंटी."

"व्हाय सॉरी? थर्टी इयर्स मॅरिड, फर्स्ट टाइम ही क्राय. गिव्ह मी सम मोर."

आता तो गणपती.

मंडळाचं दरवर्षीचं जेवण तेव्हा आपणच रांधायचो. त्या वर्षी भोजन समितीचा प्रमुख मी होतो आणि वांगी-बटाट्याचा रस्सा भंगाळ्यांकडे दिला होता. दोघे-तिघे कुरकुरले. लहान मुलं आहेत, बाहेरचे पाहुणे येणार आहेत. भंगाळे सभेत उभे राहिले. सभेत उभं राहून बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती, हात पंच्यात गुंडाळलेले होते. "तिखट नाही लागणार," ते म्हणाले. "वास लागेल. मी शब्द देतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कम्युनिटी क्लबच्या हॉलमागे छोटं स्वयंपाकघर होतं. मोठ्या पातेल्यात खानदेशी काळ्या मसाल्याचा रस्सा मंद उकळत होता. वर चार केशरी मिरच्या तरंगत होत्या, चार पांढरे दोरे कडीला बांधलेले. तेवढ्यात चिटणीस आत आले आणि म्हणाले, "भंगाळे, यंदा आरतीचा मान तुमचा." भंगाळ्यांचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्यांना कोणी तबक हातात दिलं नव्हतं. त्यांनी पंचा काढून खुंटीला लावला, हात धुतले, आणि जाताना मला म्हणाले, "पुणेकर, आरती होईस्तोवर नुसतं बघा. ढवळू नका."

"नाही ढवळत."

"शपथ?"

"अहो, जा तुम्ही."

बाहेर आरत्या सुरू झाल्या. आपल्याकडच्या आरत्या तुम्हाला माहीत आहेत. एक संपली की दुसरी, कोणाला थांबावंसं वाटत नाही. मी पातेल्यासमोर उभा. रस्सा खदखदायला लागला. मला वाटलं, खाली लागणार. आमच्या घरी खाली लागलेलं अन्न म्हणजे अब्रू गेली. माझ्या आईने आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली होती, रस्सा दाट झाला की पळी फिरवायची. मी पळी घेतली. म्हटलं, कडेकडेने फिरवू, मिरचीला धक्का नको. बाहेर झांजा वाजत होत्या. हात कधी त्या ठेक्यात गेला ते मला कळलं नाही. दुडक्या चालीत मी तळापासून ढवळत होतो आणि तोंडाने आरती म्हणत होतो. आरतीचा शेवट झाला, जयघोष झाला, मी पळी वर घेतली, आणि पाहिलं तर चारही दोऱ्यांना नुसते देठ लटकत होते.

मी दोरे सोडवले, देठांसकट रुमालात गुंडाळले आणि पँटच्या खिशात घातले. मग पापड मोजायला लागलो. पापड मोजायची काहीही गरज नव्हती.

पुढचं तुम्ही ऐकलेलं आहे. पहिली पंगत बसली. आधी मुलं रडली. मग आया उठल्या. श्रीखंड पहिल्या पंगतीतच संपलं. एक स्थानिक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते, ते हसत हसत पाणी पीत होते, पण हसू आणि चेहरा वेगवेगळे झाले होते. लातूरकडचा एक विद्यार्थी तेवढा तिसऱ्यांदा रस्सा मागत होता. भंगाळे कपाळाला कुंकू लावून आत आले. त्यांनी पळीत रस्सा घेऊन चाखला. कडीकडे पाहिलं. दोरे नव्हते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पापड मोजत होतो.

चिटणीस तणतणत आले, "भंगाळे! शब्द दिला होता तुम्ही!"

"माझंच चुकलं," भंगाळे म्हणाले. "मिरची जून निघाली." आणि खुंटीवरचा पंचा घेऊन ते बाहेर गेले, पंगतीत प्रत्येक मुलाच्या पानाशी वाकून साखर वाढत.

संध्याकाळी मी विसरून खिशातला रुमाल तोंडाला लावला. मला झालेली शिक्षा एवढीच.

पण भंगाळ्यांची तिथे संपली नाही. पुढच्या वर्षीच्या सभेत जेवणाचा विषय निघाला, सगळे हसले, आणि 'यंदा केटरर बघू' हे वाक्य मी उच्चारलं. कोणीतरी उच्चारणारच होतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. उच्चारलं मी. तो निर्णय त्यांना कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. कॉरिडॉरमध्ये ते मिरच्यांना पाणी घालत होते. ऐकून म्हणाले, "बरं केलं भो. केटरर असला म्हणजे भांडी घासावी लागत नाहीत." आणि पाणी घालत राहिले. कुंडी भरून वाहायला लागली तरी घालत होते.

नंतर कोणाच्या घरी जमलं की प्रत्येक जण एकेक पदार्थ नेई, तसे तेही नेत. डबा उघडला की कुजबुज व्हायची, "भंगाळ्यांचं का? मग नको." निर्मलावहिनी डब्याशेजारी उभ्या राहून स्वतः चमचाभर खाऊन दाखवायच्या, "मी चव घेतलीय हो. काही नाही त्यात. मुलांनाही चालेल." डबा बहुतेक भरलेलाच परत जाई. ज्या माणसाला लोकांना खाऊ घालण्यापलीकडे काही नको होतं, त्याच्या हातचं आपण खायचं सोडलं. आणि हे सगळं बघत मी तिथेच बसलेलो असायचो, माझ्या पानात गोड आमटी.

त्यांनी मला कधी विचारलं नाही. आम्ही रोज बरोबर जेवत होतो, रोज बरोबर घरी येत होतो. फक्त एकदा, घरी परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, समोरासमोर बसलेलो असताना, ते अचानक म्हणाले, "पुणेकर, तुम्ही स्वयंपाक करता का घरी?"

"नाही. का?"

"करत जा. ढवळायची सवय मोडते." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी तेव्हा बोगद्यात होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जळगावला जायचं ठरवलं. वहिनींच्या गुडघ्यांना अंगण हवं होतं आणि भंगाळ्यांना बामणोदची वांगी. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले, हातात पातेलं, खांद्यावर पंचा. "घरची शेगडी आवरली," म्हणाले. "तुमच्याकडे रस्सा करतो. शेवटचा."

वांगी इथलीच, लांबट जांभळी. त्यावर त्यांनी थोडी नापसंती दाखवली. मसाला परतला, पाणी घातलं, उकळी आली. मग एक केशरी मिरची घेतली, देठाला दोरा बांधला, रश्श्यात सोडली आणि दुसरं टोक कडीला बांधलं. पंच्याने हात पुसले.

"कुंड्या आंटीला देऊन येतो," ते म्हणाले. "नुसतं बघा. ढवळू नका."

तेच शब्द. तोच सूर. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते वळले होते.

मी स्टूल ओढून पातेल्यासमोर बसलो. कुंड्या आंटीला द्यायला किती वेळ लागतो? आंटी शेजारीच राहते. पण बाहेर कॉरिडॉरमध्ये दोघांच्या गप्पा सुरू झालेल्या ऐकू येत होत्या आणि त्यात घाई अजिबात नव्हती. रस्सा दाटू लागला. कडेला बुडबुडे यायला लागले. मिरची एका जागी डुलत होती. पळी हाताशी होती. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. तेवढ्यात माझी नात आली, पाणी प्यायला.

"आजोबा, इट्स बॉइलिंग लाह! स्टर, स्टर!"

"हात लावू नकोस."

"बट इट विल बर्न!"

"जळू दे," मी म्हणालो. नातीने माझ्याकडे असं पाहिलं, की आजोबांचं आता वय झालं.

भंगाळे आले तेव्हा मी तसाच होतो, हातांवर बसलेला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. दोरा कडीतून सोडवला आणि हळूच वर ओढला. मिरची अख्खी वर आली, गोल, चकचकीत, रश्श्याचा एक थेंब टोकाला. ती हवेत फिरत राहिली आणि भंगाळे हसायला लागले. पोटातून, पंचा तोंडाला लावून, खांदे हलवत.

"जमलं की, पुणेकर!"

"भंगाळे," मी म्हणालो, "त्या गणपतीला—"

"ताटं घ्या," ते म्हणाले. "गार होईल."

"नाही, मला सांगू द्या. मी—"

"अहो, मी चार दोरे बांधले होते. दोरे उकळून विरघळत नाहीत भो." ते शांतपणे रस्सा वाढत होते. "मले त्याच दिवशी कळलं. तुम्ही रागाने नव्हतं केलं. जेवा."

आणि ती मिरची, राखणाऱ्याचा मान, त्यांनी दोरा सोडून माझ्या पानात ठेवली.

मी नखाएवढी खाल्ली. कानाच्या मागून वाजत आली, अगदी ते म्हणायचे तशी. त्यांनी पंचा काढून मला दिला. नातीने वाटीभर रस्सा खाल्ला आणि म्हणाली, "नॉट स्पायसी लाह. स्मेल्स लाइक फ्रूट." भंगाळ्यांनी नुसतं बोट तिच्याकडे केलं. हेच मी सभेत सांगितलं होतं, असं ते बोट म्हणत होतं.

त्यांनी मला मोकळं केलं, आणि मी ते पुरेसं मानून गप्प राहिलो. पण शब्द त्यांनी तुम्हा सगळ्यांना दिला होता, आणि तुमच्या लेखी तो अजून मोडलेलाच आहे. म्हणून सांगतो. रस्सा भंगाळ्यांचा होता. बाँब माझा. यापुढे हसायचं असेल तर माझ्या नावाने हसा, मी अजून ग्रुपवर आहे.

जेवण झाल्यावर त्यांनी पातेलं स्वतः घासलं. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून त्यांना लिफ्टकडे जाताना पाहत होतो. खाली कोणाकोणाचा निरोप घ्यायचा होता. बगलेत पातेलं, खांद्यावर पंचा नाही, तो माझ्याकडेच राहिला होता. आंटी तिच्या दारात नव्या कुंड्यांची मांडणी करत होती. ती ओरडली, "अंकल, यू गो, आफ्टर दॅट हू टीच मी कुक धिस वन?"

भंगाळे लिफ्टच्या दारात थांबले. मागे वळून त्यांनी पातेल्याने माझ्याकडे खूण केली.

"आस्क पुणेकर," ते म्हणाले. "ही नोज हाउ टू सिट."